इन्का ट्रेलला जाताय? आधी लस घ्या

पेरूतल्या माचू पिचूला इन्का ट्रेलच्या डोंगरवाटेनं चालत जायचं ठरवलं तेव्हा ज्यानं त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. छत्रपती संभाजीनगरात बँकेच्या खुर्चीत दिवस काढणारी बाई 4,215 मीटरची खिंड चढणार म्हटल्यावर लोक विचारणारच. गुडघे शेवटपर्यंत गुमान राहिले. रडवलं ते पिवळ्या तापाच्या (यलो फीवरच्या) लशीनं.

हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडं भरपूर आहे. म्हणून हा ताप असलेल्या पेरूसारख्या देशातून येणाऱ्याजवळ लशीचं पिवळं कार्ड नसलं, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. गंमत अशी, की फक्त कुस्को शहर, इन्का ट्रेल आणि माचू पिचू करणाऱ्याला तिथल्या धोक्यासाठी ही लस सुचवलीच जात नाही. म्हणजे आपण ती घेतो ती स्वतःच्या घरी परत येता यावं म्हणून. ठीक आहे, नियम समजण्यासारखा आहे.

पण ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रांतच मिळते. माझ्या वाट्याला आलेलं केंद्र रात्रभराच्या ट्रॅव्हल्सच्या अंतरावर. फोन बरेच दिवस कोणी उचलेना. उचलला तेव्हा एवढंच ऐकलं, "सकाळी नऊला या, ओरिजिनल पासपोर्ट आणा." बँकेतून रजा काढून, रात्रभर बसमध्ये अंग आंबवून नऊच्या आधी खिडकीशी उभी राहिले.

"ताई, आज माणसं कमी आहेत. वायल फोडता येणार नाही."

वायल म्हणजे लशीची छोटी बाटली. एकीत अनेकांचे डोस असतात, आणि एकदा फोडली की सहा तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. तेही पटतं. पण मग फोनवर नावं लिहून घ्यायला काय जातं? हे विचारलं तर खिडकीतले साहेब म्हणाले, "लिहून घेतली तरी लोक येत नाहीत." आणि चहाला गेले. बाकावर जहाजावर नोकरीला निघालेला बीडचा पोरगा आणि आफ्रिकेत कंपनीच्या कामाला चाललेले एक काका बसले होते. पोराची जहाज गाठायची तारीख डोक्यावर आलेली, त्याला तर बोलवेना. शेवटी मीच सगळ्यांचे नंबर घेतले आणि तिथंच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. प्रत्येकानं आपापल्या एजंटाकडून आणखी माणसं जोडली. पुढच्या खेपेला आम्ही वरात घेऊन गेल्यासारखे खिडकीवर थडकलो. साहेबांनी मुकाट्यानं वायल फोडली. ग्रुप अजून चालू आहे, त्यावर नवीन लोक लसीची तारीख विचारतात आणि मी एखाद्या अधिकाऱ्याच्या थाटात उत्तरं देते.

टोचून झाल्यावर लगेच निघू नका. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. माझ्या कार्डावर मधलं नावच गाळलं होतं. दुसरं कार्ड लिहून घेतलं तेव्हाच खिडकी सोडली. बॅच नंबर, सही, शिक्का हेही बघा. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा साठी उलटली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

व्हिसाचं काम बिनबोभाट झालं. ट्रेलचं परमिट मात्र कित्येक महिने आधी घ्या. रोज जेमतेम 500 जणांना सोडतात आणि त्यात हमाल, गाईड, स्वयंपाकीही धरलेले असतात. परवानाधारक कंपनीशिवाय जाताच येत नाही, आणि फेब्रुवारीत ट्रेल बंद असतो. परमिटवर पासपोर्टचा नंबर असतो, तेव्हा पासपोर्ट नवा करायचा असेल तर बुकिंगच्या आधीच करा.

सरावासाठी रोज पहाटे गोगाबाबा टेकडी आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर भरलेली सॅक घेऊन देवगिरीचा किल्ला. पायऱ्यांचा सराव फार कामी येतो, कारण दुसरा दिवस म्हणजे दगडी पायऱ्यांचा न संपणारा चढ. उंचीचा सराव मात्र इथं होत नाही. आपलं कळसूबाईसुद्धा 1,646 मीटर, आणि कुस्को शहरच 3,400 च्या आसपास. तिथं निदान दोन दिवस निवांत काढा, पहिल्या दिवशी पोटभर जेवू नका. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

हो, चालायच्या काठ्यांना रबरी टोपणं लावून न्या, नुसतं लोखंडी टोक ट्रेलवर चालत नाही. आणि तिकडं कोकाच्या पानांचा चहा सगळीकडं मिळतो, तिथंच प्या. पानं बॅगेत घालून भारतात आणू नका, इथं तो गुन्हा आहे.