आत्याच्या अंगठ्यावरची चिमणी

आत्याच्या हातावर बसून चिमणी दाणे खाते हे मी ऐकून होतो. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा श्वास रोखून उभा राहिलो. जेमतेम ३० ग्रॅमचा जीव, सावली हलली तरी भुर्रकन उडणारा, आणि तो माणसाच्या अंगठ्यावर बसून निवांत दाणे सोलत होता. याचा फोटो काढायचाच, असं त्याच क्षणी ठरवलं. पुढे त्यात जवळजवळ पाच आठवडे गेले.

आत्याने स्वतः कुठेच घाई केली नव्हती. आधी कठड्यावर राळ्याची वाटी ठेवली. मग वाटीशेजारी हात, मग हातात वाटी आणि शेवटी नुसता तळहात. तिला दीड महिना लागला. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलेलं. थवा मोठा होता, पण बाकीच्या कठड्यापाशीच थांबायच्या. हातावर येणारी एकच मादी, उजव्या पंखात एक पांढरं पीस असलेली.

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून २०० मिलिमीटरची लेन्स रोखली. पहिल्याच ‘खटक्’ला ती उडाली आणि दोन दिवस फिरकली नाही. मला फार वाईट वाटलं. आत्याची इतक्या दिवसांची मेहनत मी एका सेकंदात उधळली होती. ती रागावली नाही. म्हणाली, “ती माझ्या हाताला सरावलीय रे. तू कोण तिचा?”

त्या प्रश्नाने माझी कामाची पद्धतच बदलली. तोवर मी लेन्स कोणती, शटर किती एवढाच विचार करत होतो. आता चिमणीच्या जागेवरून पाहायला लागलो. लेन्सची पुढची काच म्हणजे तिच्यावर रोखलेला एक भलामोठा डोळा. रोखून पाहणारा डोळा म्हणजे शिकारी, हे पक्ष्यांना शिकवावं लागत नाही.

मग खुर्चीपासून दोन मीटरवर ट्रायपॉड मांडला आणि त्यावर काळ्या कागदात गुंडाळलेलं खोकं बांधलं. लेन्सच्या जागी एक गोल डबा. हे सोंग आठवडाभर तिथून हलवलं नाही. आधी थवा लांबून वळसा घालायचा. पाचव्या दिवशी एक नर त्या खोक्यावरच बसून पिसं साफ करू लागला आणि मला हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात मी ट्रायपॉडमागे जमिनीवर बसायला लागलो, कॅमेरा न घेता, तिच्याकडे थेट न पाहता. आवाजाचीही सवय हवी होती. आतल्या खोलीत कॅमेऱ्याचं शटर वाजवायचो आणि रोज थोडं पुढे सरकायचो. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटरही वापरून पाहिलं, पण त्यात सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फडफडणारे पंख वाकडे उमटले. म्हणून पुन्हा साधंच शटर.

अखेर खोक्याच्या जागी कॅमेरा बसवला, तेव्हा तंत्राचे प्रश्न सुरू झाले. दोन मीटरवरून २०० मिलिमीटरच्या लेन्सने एफ २.८ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलं, तर माझ्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम दीड सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. डोळा स्पष्ट आला की अंगठा पुसट, अंगठा साधला की डोळा गेला. छिद्र लहान करून एफ ८ वर नेलं की ही खोली चार-साडेचार सेंटिमीटरच्या आसपास जाते. पंख गोठवायला शटर १/२००० सेकंद हवं होतं. सकाळच्या त्या उजेडात हे दोन्ही जमवायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० वर न्यावा लागला. दाणेदारपणा आला, येऊ दे. हललेल्या चित्रापेक्षा तो कितीतरी बरा. कॅमेरा तळहाताच्या उंचीवर आणला, म्हणजे चिमणीच्या डोळ्यांना डोळे भिडतात. मागची भिंत टाळून दूरची झाडं पार्श्वभूमीला येतील अशी कोनाची जुळवाजुळव केली. त्यासाठी मीच सरकलो, खुर्ची तसूभरही हलवली नाही.

ऑटोफोकसवर विसंबता येईना. तो सारखा आत्याच्या बोटांवर नाहीतर बाहीवर जाऊन बसायचा. पण चिमणीची एक सवय लक्षात आली होती. ती तळहातावर कधीच उतरत नाही, दर वेळी अंगठ्याच्या पेरावर बसते. म्हणून फोकस तिथेच बांधून टाकला. बटण दाबायची वेळही तिच्याकडूनच शिकलो. ती हवेत दिसल्यावर दाबलं तर उशीर होतो, कारण कठड्यावरून हातावर यायला तिला निमिषभर लागतं. झेपेआधी ती अंग खाली दबकवते आणि शेपूट एकदा झटकते. ती झटक दिसली की बोट दाबायचं.

तरीही पहिल्या चांगल्या मालिकेने निराश केलं. उतरताना पंखांचा पंखा झालेला, शेपूट पसरलेली, सगळं जमलेलं. पण डोळा पांढुरका. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, डोळ्यावरून आडवी सरकणारी, आणि नेमकी तीच मिटलेली होती.

मध्ये खाली मांजर घुटमळू लागलं, तेव्हा आत्याने तीन दिवस दाणे दिलेच नाहीत. मीही आग्रह केला नाही. हातावर खाणाऱ्या पक्ष्याची सावधगिरी आपण कमी करत असतो, तेव्हा त्याची काळजी आपल्यावर येते असं मला मनापासून वाटतं. फ्लॅश वापरायचा नाही, तिला बोलावण्यासाठी मोबाइलवर चिमण्यांचा आवाज वाजवायचा नाही, पाव टाकायचा नाही, हात आणि वाटी रोज धुवायची. हे आत्याचे नियम होते. यातला एकही मोडून मिळालेला फोटो मला नको होता.

चौथ्या दिवशी ती आली. कठडा, झटक, अंगठा. मी बोट दाबून ठेवलं आणि ती खात असताना पुन्हा दोनदा दाबलं. शटरच्या आवाजाला तिने मानही वळवली नाही. ४६ चित्रं मिळाली. त्यांतलं मी ठेवलेलं उतरण्याचं नाहीच. तिने दाणा चोचीच्या कडेला धरलाय, जिभेने फिरवून साल काढतेय आणि अर्धं सुटलेलं फोलपट चोचीला लटकलंय. नखं आत्याच्या सुरकुतलेल्या कातडीत किंचित रुतलीत. आत्याचा हात हल्ली थोडा कापतो, पण चित्रात तो अगदी स्थिर आहे.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आत्याने तो फोटो मोठा करून पाहिला. आपला हात नव्हे, ते पांढरं पीस.

“हे झडेल ना रे?”

“विणीचा हंगाम संपला की सगळीच पिसं नवी येतात. हे परत पांढरं येईलच असं नाही.”

“मग ओळखायची कशी?” असं म्हणत तिने तळहातावर उरलेली फोलपटं फुंकली आणि लगेच स्वतःच म्हणाली, “अंगठ्यावर बसेल की.”