तुम्ही विचारलंत म्हणून: हा ट्रेनॉर कोण?

ग्राहक कायद्यावर बोलताना माझ्या तोंडी ट्रेनॉर हे नाव हटकून येतं. मग कोणीतरी विचारतंच, ‘हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तरी होता का हो?’ नव्हता. रॉजर ट्रेनॉर १९४० ते १९७० कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात होते, शेवटची काही वर्षं मुख्य न्यायाधीश. जन्म १९०० सालचा, युटातल्या पार्क सिटी या खाणगावातला. बर्कलीत शिकले आणि तिथेच करकायदा शिकवू लागले. न्यायाधीश म्हणून एक दिवसाचाही अनुभव नसताना गव्हर्नर ऑल्सन यांनी त्यांना थेट तिथे नेमलं.

१९४४ साली एस्कोला खटला आला. फ्रिजमध्ये बाटल्या लावताना कोकाकोलाची बाटली एका वेट्रेसच्या हातात फुटली होती. अशा प्रसंगी कंपनीचा हलगर्जीपणा गृहीत धरता येतो, असं म्हणत बहुमताने तिला जिंकवलं. ट्रेनॉर यांना निकाल मान्य होता, कारण नाही. कारखान्यात काय चुकलं, हे ती बिचारी कुठून शोधणार? हलगर्जीपणा असो-नसो, सदोष माल बाजारात आणणाऱ्यानेच भरपाई द्यावी. त्याला तो खर्च किमतीत पसरवता येतो, जखमी माणसाचं मात्र कंबरडं मोडतं. या मताखाली सही त्यांची एकट्याचीच.

मग १९६३ साली ग्रीनमन खटला. बायकोने नाताळात भेट दिलेल्या सुतारकामाच्या यंत्रातून लाकूड उडून नवऱ्याच्या कपाळावर आदळलं. कंपनी म्हणाली, विक्रीच्या करारातली हमी मोडल्याची नोटीस उशिरा दिलीत. ट्रेनॉर यांनी लिहिलं, ही जबाबदारी करारातून येतच नाही, कायदाच ती लादतो. या वेळी अख्खं न्यायालय त्यांच्या बाजूने होतं. इतर राज्यंही पुढे त्याच वाटेने गेली. आपल्याकडे उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आलं ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात!

गोऱ्यांनी इतर वंशांत लग्न करण्यावरची कॅलिफोर्नियातली बंदी १९४८ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी उडाली, तेव्हाचं मुख्य निकालपत्रही त्यांचंच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला तेच म्हणायला १९६७ उजाडलं.

पण माझा खरा जीव जडला तो १९५५ च्या काहान खटल्यावर. पोलिसांनी बेकायदा मिळवलेला पुरावाही चालेल, असं १९४२ साली ट्रेनॉर यांनीच लिहिलं होतं. काहान खटल्यात पोलिसांनी घरात चोरून मायक्रोफोन लावला होता आणि ते कोर्टात बिनदिक्कत सांगतही होते. ट्रेनॉर यांनी स्वतःचाच निकाल फिरवला, असा पुरावा बाद ठरवला.

वाचायचंच असेल तर आधी एस्कोलातलं त्यांचं मत घ्या. थोडक्या पानांचं आहे आणि वकील नसलात तरी कळेल.