स्वालबार्डला जाताय? आधी व्हिसा बघा, मग एजंटचं बिल, आणि घसाऱ्याच्या उताराची तयारी ठेवा

सगळ्यात आधी व्हिसा, कारण इथेच आमच्या एजंटने आम्हाला गोत्यात आणलं होतं. स्वालबार्ड हा आर्क्टिकमधला द्वीपसमूह नॉर्वेचा आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ऑस्लोला उतरलात की एक एन्ट्री झाली, लॉन्गइयरब्येनच्या, म्हणजे तिथल्या मुख्य गावाच्या, विमानात बसलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि परत ऑस्लोला आलात की ती दुसरी एन्ट्री. सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर परतीला अडकाल. एजंटने फॉर्मवर सिंगल टिक करून ठेवलेलं, वर "सर, नॉर्वे टू नॉर्वे म्हणजे डोमेस्टिकच की" हे ज्ञान. बायकोने सबमिट व्हायच्या आधी फॉर्म वाचला म्हणून वाचलो. डबल किंवा मल्टिपलच मागा आणि स्टिकर हातात आल्यावर स्वतः तपासा.

दुसरं, "आर्क्टिक पर्यावरण टॅक्स" म्हणून माणशी चार हजार रुपये वेगळे लावले. असा टॅक्स आहे, खोटा नाही, 2007 पासून आहे, पण तो 150 नॉर्वेजियन क्रोनर आहे, म्हणजे साधारण बारा-तेराशे रुपये, आणि तो विमानाच्या किंवा क्रूझच्या तिकिटातच धरलेला असतो! ते पैसे तिथल्या पर्यावरण निधीत जातात आणि त्यातून किनारे साफ करणं, जुनी बांधकामं जपणं अशी कामं होतात. पैसे गेल्याचं दुःख नाही, पर्यावरणाच्या नावावर ते कोणाच्या तरी खिशात गेले याचा संताप आहे.

आता गावाबद्दल. ब्रोशरमध्ये "मानवाचा स्पर्श न झालेला प्रदेश" असं होतं. अहो, लॉन्गइयरब्येन हे कोळशाचं गाव आहे! 1906 मध्ये लॉन्गइयर नावाच्या अमेरिकन माणसाच्या कंपनीने खाण काढली म्हणून ते वसलं, डोंगरउतारावर अजून लाकडी रोपवेचे खांब उभे आहेत, खाणींची तोंडं दिसतात. शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, 2025 च्या जूनमध्ये बंद झाली. मला हे सगळं बर्फापेक्षा जास्त बघण्यासारखं वाटलं. खाणीवर उभं राहिलेलं गाव खाण संपल्यावर सुरक्षित आणि स्वच्छ कसं ठेवायचं, हे इथे उघड्यावर चालू आहे, आणि टूरवाले नेमकं तेच लपवतात.

आणि आता तो घसारा. "सारकोफागेन, इझी नेचर वॉक, सर्व वयोगटांसाठी" असं लिहिलेलं. सारकोफागेन हा गावामागचा डोंगर, उंची पाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीत फिरणाऱ्याला काहीच नाही असं वाटेल, तर तसं अजिबात समजू नका. गावाच्या वरच्या टोकाच्या न्यूब्येन वस्तीवरून, लार्सब्रीन हिमनदीच्या मोरेनमधून, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीतून, वाट जाते. सगळा शेल या पापुद्रे सुटणाऱ्या दगडाच्या चपट्या तुकड्यांचा ढीग, पाय ठेवला की पाटीवरून पाटी सरकते, आणि खाली माती नसून बर्फ आहे, वरचा थर उन्हाळ्यात वितळून काळा चिखल झालेला. आपल्याकडच्या घसाऱ्यात निदान कारवीचं एखादं खोड नाहीतर गवताचा बुंधा हाताला लागतो, इथे झाडच नाही, धरणार काय! मध्ये हिमनदीच्या पाण्याचा ओढा, जो सकाळी घोट्याएवढा होता तो उतरताना पोटरीपर्यंत, कारण दुपारी वितळण वाढते. उतरताना माझे गुडघे अक्षरशः लटपटत होते. दोन पोल पाहिजेतच, घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट पाहिजेत, आणि सकाळचीच बॅच घ्या.

याहून मोठी गोष्ट कोणी सांगत नाही. वस्तीच्या बाहेर पांढऱ्या अस्वलाचा धोका खरा आहे, 2020 च्या ऑगस्टमध्ये विमानतळाजवळच्या कॅम्पसाइटवर अस्वलाने एक माणूस मारला. त्यामुळे गाईड रायफल आणि फ्लेअर गन घेऊन येतो, आणि रायफल एकच असते. म्हणजे ग्रुप फुटू शकत नाही. आमच्याबरोबर नाशिकचे एक काका-काकू होते, काकूंचा गुडघा ओढ्यापाशीच बोलायला लागला, त्यांना "तुम्ही इथेच थांबा, आम्ही येतो" म्हणायची सोयच नव्हती. दर पंधरा पावलांवर सगळे थांबायचे, काकू बिचाऱ्या सारख्या सॉरी म्हणत होत्या, चूक काडीची नसताना. ज्याने "सर्व वयोगटांसाठी" लिहिलं त्याला त्या ओढ्यात उभं करायला हवं. गुडघेदुखी असेल तर हा ट्रेक घेऊ नका, बस्स. आणि एजंट "गावाबाहेर मोकळं फिरा" म्हणाला तर ऐकू नका, रस्त्याच्या कडेला लाल त्रिकोणात पांढऱ्या अस्वलाची पाटी दिसली की गाईडशिवाय पुढे पाऊल नाही.

पण माथ्यावर पोचलात की सगळं वसूल. वरून सगळी दरी दिसते आणि गाईडने बोट दाखवून जे सांगितलं ते ऐकण्यासाठी मी परत तो घसारा चढेन. समोर सुकरटॉपेन डोंगर. 19 डिसेंबर 2015 ला त्याच्यावरून हिमस्खलन झालं, अकरा घरं उखडली, दोघं गेले, त्यात एक लहान मुलगी. 2017 मध्ये परत आलं. त्यानंतर उतारावर बर्फ अडवणारी कुंपणं आणि खाली बांध घातला, आणि धोक्याच्या पट्ट्यातली शंभराहून जास्त घरं कायमची रिकामी करून पाडली. पोस्टकार्डवरची ती रंगीत घरं आहेत ना, ती याच उताराच्या पायथ्याशी! हवा इतकी तापतेय की कायम गोठलेली जमीनच ढिली पडतेय. घरांच्या उबेने ती वितळू नये म्हणून इमारती पहिल्यापासूनच खांबांवर, पाण्याचे आणि गरम पाण्याचे पाइप जमिनीच्या वरून. खाणीच्या जुन्या ढिगाऱ्याखाली तांबूस पाणी दिसलं तर ते कोळशाबरोबरच्या पायराइटचं, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचं, हवापाणी लागलं की त्याचं आम्ल होतं आणि त्यात धातू विरघळून खाली येतात. जमीन गोठलेली असते तोवर ते बरंचसं अडकून असतं.

खाली दिसणारं पॉवर हाउस 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत कोळशावर होतं, नॉर्वेजियन मालकीचं तसलं एकमेव. आता डिझेल. "कोळसामुक्त" म्हणून मिरवतात, पण डिझेल जहाजाने येतं, आणि वीज महागली म्हणून लोक वैतागलेत. माझं मत, निर्णय बरोबर आहे, पण त्याला हिरवं म्हणू नका, सौर आणि वारा खरंच उभा राहील तेव्हा म्हणा. तिथे घरं गरम ठेवणारं पाणीही त्याच प्लांटमधून येतं, भर हिवाळ्यात तो बंद पडला तर गाव रिकामं करायची वेळ येईल. त्यामुळे घाई करा म्हणणं आपल्याला इथे बसून सोपं आहे.

तीन नंबरच्या खाणीची टूर नक्की घ्या. 1996 मध्ये बंद झाली, थर इतका कमी उंचीचा की कामगार आडवे पडून कोळसा काढायचे. बंद जागेची भीती असेल तर सरपटायचा भाग सोडा, सक्ती नसते. 1984 पासून बियाण्यांचा जुना साठा याच खाणीत होता. नवीन सीड व्हॉल्टमध्ये, म्हणजे जगभरच्या बियाण्यांच्या तिजोरीत, आत सोडत नाहीत, दार बघायला टॅक्सीचे पैसे घालवू नका. आणि 1946 च्या आधीची माणसाची कुठलीही खूण कायद्याने संरक्षित आहे, गंजलेला खिळासुद्धा. आमच्यातल्या एकाने वॅगनचा बोल्ट खिशात टाकला होता, गाईडने शांतपणे जिथून उचलला तिथेच ठेवायला लावला.

बोट टूर ठीक, पण "अस्वल जवळून दाखवतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. 2025 पासून 300 मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, मार्च ते जून 500 मीटर. आणि "हिमाद्री दर्शन" हेही असंच. हिमाद्री हे भारताचं आर्क्टिक संशोधन स्टेशन न्यू-ऑलेसुंद गावात आहे, 2008 पासून, गोव्याच्या वास्कोतली एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. तेही कोळशाचंच गाव होतं, 1962 च्या स्फोटात 21 कामगार गेले आणि खाण कायमची बंद झाली, मग तिथे संशोधन आलं. तिकडे रस्ता नाही, स्टेशनमध्ये पर्यटकांना सोडत नाहीत, आणि वैज्ञानिक उपकरणांमुळे फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. आमच्या पॅकेजमध्ये होतं ते फक्त ब्रोशरवरच्या फोटोपुरतं.

बाकीचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मोजे चांगले न्या, हॉटेलात आणि म्युझियममध्ये बूट दाराशी काढावे लागतात, कोळशाच्या धुळीमुळे पडलेली सवय अजून आहे.

टॅक्सचे पैसे परत मागितले तर एजंटने अर्धे दिले, बाकीचे "हँडलिंग" म्हणून ठेवून घेतले. बुकिंगच्या आधीच तिकीट, टॅक्स, गाईड, बोट अशी प्रत्येक रकमेची फोड लेखी मागा, देत नसेल तर विमान आणि टूर स्वतः बुक करा, तिथल्या कंपन्या इंग्रजीत नीट उत्तर देतात.