गूळ, गंज आणि बेलापूरची उतरती छपरं

"येताना गूळ आण गं. जुना, काळा पडलेला असला तरी चालेल. खायचा नाहीये." ताईचा फोन एवढाच. कोल्हापूरकरणीकडे न खायचा गूळ मागायला हिंमत लागते! ताई म्हणजे माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण. मिक्स मीडियात, म्हणजे एकाच चित्रात वेगवेगळी साहित्यं वापरून काम करते, राहते नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. गौरी-गणपतीला मी ठाण्यात मावशीकडे होते. विसर्जन उरकलं आणि ढेपेचा मोठा तुकडा पिशवीत टाकून पनवेल लोकल पकडली.

ऐरोली, रबाळे, घणसोली. डावीकडे एमआयडीसीचा पट्टा, त्यामागे पावसाने हिरवेगार झालेले आणि मधेच खाणींनी सोललेले डोंगर. बेलापूरला उतरून रिक्षा केली. "आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर आठ" एवढं सांगितलं की पुरतं.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी ही वसाहत उभी केली. सुमारे ५५० कुटुंबांसाठी बैठी किंवा फार तर दुमजली, उतरत्या छपरांची घरं. सात घरांच्या मधे आठ मीटर लांब-रुंद चौक, असे तीन गट मिळून मोठा चौक. शेजारच्या दोन घरांत भिंत सामाईक नाही, कारण ज्याला जसं जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं अशीच योजना होती. लोकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. बहुतेक ठिकाणी आता दोन-तीन मजली आरसीसी, स्टीलचे कठडे, भिंतीला चकाचक टाइल्स. वास्तुकलेचे विद्यार्थी इथे येऊन हळहळतात म्हणे. मला तसं वाईट वाटलं नाही. घर माणसाच्या हातात दिलं की माणूस ते आपल्या मनासारखं करणारच.

ताईचं घर मात्र बरंचसं मूळचं राहिलंय. अंगणात शेवाळलेली फरशी, कोपऱ्यात चिनी मातीच्या बरण्या. त्यातल्या एकीचं झाकण तिने उघडलं आणि आंबूस, लोखंडी भपकारा आला. गंजके खिळे, घोड्याचा नाल, बिजागऱ्या, वर गूळ आणि पाणी. दोन-तीन आठवडे आंबवलं की लोखंड त्यात उतरतं. कलमकारीवाले, म्हणजे कापडावर कलमाने चित्रं काढणारे, याच पाण्याने काळ्या रेघा काढतात. पाणी दिसायला अगदी फिकं, चहाच्या दुसऱ्या उकळीसारखं. पण हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर तिने त्याचा कुंचला ओढला आणि डोळ्यांदेखत रेघ काळी झाली. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड एकमेकांना भेटले की हा काळा तयार होतो. मी चार वेळा करून पाहिलं, तरी मन भरेना.

"हा काळा कागद खातो," ती म्हणाली आणि एक जुनं चित्र काढून दाखवलं. डोंगराची रेघ होती तिथे कागद तपकिरी होऊन तडकलेला, दोन ठिकाणी आरपार भोकं. लोखंडाची शाई जास्त आणि आंबट असली की काही वर्षांत असं होतं. तिने ते टाकलं नव्हतं. भोकांमागे निळा कागद लावला होता.

तो निळाही घरचाच. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली सायनोटाइपची, म्हणजे उन्हाने निळा छाप उठवायची रीत: लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला लावायचे, अंधारात वाळवायचे, वर पान ठेवून काच दाबायची आणि उन्हात धरायचं. पुढच्याच वर्षी इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स समुद्रशेवाळं याच पद्धतीने छापू लागल्या होत्या. आम्ही कुर्डू आणि नेच्याचं पान ठेवलं. पण भाद्रपदातलं ऊन, आलं-गेलं. वैशाखात काही मिनिटांत होणाऱ्या कामाला आमचं जेवण होऊन पानसुपारी झाली. धुतल्यावर नेच्याच्या कडा धूसर निघाल्या, वाऱ्याने पान हललं होतं. मला ते नेमक्या छापापेक्षा आवडलं, ताईला नाही. तिने तो कागद कडक चहात बुडवला. चहातल्या टॅनिनने निळा हळूहळू काळपट होत गेला.

डोंगरउतारावर तेरडा फुललेला होता. त्याची फुलं कापडावर ठेवून दगडाने ठेचली की गुलाबी-जांभळा ठसा उमटतो. पण तेरड्याचा रंग तीन दिवस! ताईकडे अशा ठेचलेल्या फुलांची रांगच आहे, मागच्या वर्षीचे ठसे मातकट, त्याआधीचे जवळपास कोरे. ती रंग पक्का करायच्या भानगडीत पडत नाही, फक्त शेजारी तारीख टाकते.

आणि मग तिच्या वह्या. प्रत्येक पानावर चिंधीएवढा नमुना, खाली बारीक अक्षरात सगळं: पाणी नळाचं की पावसाचं, हिरडा किती वेळ भिजवला, ढग होते का. फसलेले प्रयोग जमलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. प्रयोगशील कलाकार म्हटलं की मनाला येईल तसं रंग फेकणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. ही बाई तर वाण्यासारखा हिशोब ठेवते. दोन तास मी त्या वह्याच चाळत बसले.

भिंतीवरची मोठी चित्रं त्यामानाने मला बेताची वाटली. वाळलेली पानं, वाळू, वर चमचमतं रेझिन. हॉटेलच्या लॉबीत शोभतील अशी. तसं मी तोंडावर बोललेही.

"तीच तर विकली जातात," ताई शांतपणे म्हणाली. "त्यांच्यावरच या वह्या चालतात."

"मग वहीच विकायला ठेव ना!"

"आणि उद्या मी बघू कशात?"

कुणाला आर्टिस्ट व्हिलेज बघायला जायचं असेल तर पावसाळा सरता सरता जा, डोंगर तेव्हा बघण्यासारखा असतो. गावातून पायीच फिरा. मूळची घरं शोधायची तर बैठी भिंत, उतरतं छप्पर आणि समोर लहानसं अंगण ही खूण. ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा चौकात शिरून फोटो काढण्याआधी विचारा. आम्ही विचारल्यावर एका आजींनी चहाच पाजला, आणि वरचा मजला कधी चढवला, किती खर्च आला, तेही सगळं सांगितलं.