न्यूट्रल सापडेना

अडावदच्या बाजारात पुढे केळीचा ट्रक आडवा लागला आणि मी चांगली तीन-चार मिनिटं मोटरसायकलचा क्लच दाबून उभा राहिलो. न्यूट्रल करावं म्हटलं तर पहिल्यातून थेट दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात. हिरवा दिवा काही लागेना. डाव्या हाताची बोटं आखडली, मागे 16 एमएमच्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, रोल बांधलेला, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. शेवटी वैतागून चावीच फिरवली. गाडी बंद झाली, पाय नुसता टेकवला आणि न्यूट्रल लागलं. ह्याचा अर्थ तेव्हा लावला असता तर पुढचा बराच ताप वाचला असता. मी फक्त घाम पुसला आणि ट्रकवाल्याला चार शब्द सुनावले.

मी ठिबकची फिटिंग करतो. चोपडा ते यावल हा माझा पट्टा. अडावद, धानोरा, किनगाव, आणि वर सातपुड्याच्या पायथ्याची शेतं. मे-जूनमध्ये आम्हाला जेवायला फुरसत नसते. बागायती कपाशी लागायची असते, पाठोपाठ मृगबाग केळीची घाई. गाडी दीडशे सीसीची, 2016 ची, पाच गियरची: एक खाली, चार वर. काट्यावर 71 हजार किलोमीटर झाले होते. दोन रोल, टूलबॉक्स आणि मी, एवढं वजन घेऊन ती नांगरटीच्या कडेने, पाटाच्या चिखलातून अर्ध्या क्लचवर निमूट चालत आलेली. त्यामुळे खोड लागली तेव्हा मला वाटलं, वय झालं बिचारीचं.

वय वगैरे काही नव्हतं. सुरुवात माझ्याच हाताने झाली होती, मार्चमध्ये. मेहुण्याने कारचं ऑइल बदललं, त्यातलं चांगलं सव्वा लिटर उरलं. महागातलं, पातळ, मधासारखं. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणत मी घरीच गाडीचा नट उघडला, जुनं काढलं, हे ओतलं. आबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, “कारचं ऑइल मोटरसायकलला चालतं का रे?” मी म्हणालो, “आबा, उलट भारीतलं आहे.”

आठवडाभर गाडी छान पळाली. मग वैजापूरच्या बाजूला चढावर लक्षात आलं की मूठ पिळली की इंजिन रडतं, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. क्लच सरकतोय एवढं मला कळत होतं. मी काय केलं, तर क्लचची केबल ढिली केली. केबल ताणलेली असली की क्लचच्या आतल्या प्लेटा पूर्ण आवळत नाहीत, हे ऐकून होतो. थोडा फरक पडल्यासारखा वाटला, म्हणून अजून दोन आटे ढिली. मग अजून दोन. आणि बरोबर तिथून गियर जड व्हायला लागले. पहिला टाकताना ‘खड्डाक’, गाडी पुढे उडी मारायची. दुसरा टाकताना किर्रर्र. गाडी तापली की न्यूट्रल गायब. म्हणजे एक दुखणं दाबायला गेलो आणि दुसरं उभं केलं, पण ही साखळी मला दिसलीच नाही. मी टाच मारून गियर टाकायला लागलो. दोन महिने टाच मारली.

गावातल्या एका मिस्त्रीने गाडीला हातही न लावता सांगितलं, “गियरबॉक्स गेला. इंजिन उतरवावं लागेल, बारा हजार धरून चाल.” वर चेन आवळून दिली आणि तिचे शंभर घेतले. ऐन हंगामात गाडी आठवडाभर आडवी पडणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून तसाच फिरत राहिलो.

शेवटी एका शेतकऱ्याने शिरपूर रस्त्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. चिंचेखाली टपरी, बाहेर पाण्याचा माठ, आत उघडी पडलेली तीन इंजिनं. मी दुखणं सांगायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. “गाडी बंद करीसन गेर टाक बरं,” म्हणाले, आणि स्वतः मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत बसले. मी पहिला टाकला, दुसरा, तिसरा, पाचव्यापर्यंत गेलो, परत खाली आलो. लोण्यासारखे पडले. न्यूट्रल दोन्ही बाजूंनी सापडलं. मग गाडी चालू करायला लावली. क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला तर तोच खड्डाक, आणि क्लच दाबलेला असूनही मागचं चाक गरगर फिरायला लागलं. नानांनी चपलेचा तळ टायरला लावला. चाक थांबेना, इंजिनच बंद पडायला आलं.

“हाई गेरबॉक्सनं दुखनं नही शे,” नाना म्हणाले. “क्लचनं शे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. क्लच दाबला की इंजिनचा जोर गियरबॉक्सपासून पूर्ण सुटायला हवा. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे थोडं ओढणं राहतंच; स्टँडवर चाक हलकं फिरलं आणि पायाने थांबलं तर काळजी नको. पण पायाला जुमानत नसेल तर प्लेटा सुटत नाहीयेत, आणि गियर जोराखाली असतानाच आपण तो ओढून काढतोय. मग तो किरकिरणार, अडकणार, न्यूट्रलच्या बारीक खाचेत थांबणार नाही. गाडी बंद असताना मऊ आणि चालू असताना जड, म्हणजे आधी क्लच बघायचा. अडावदच्या बाजारात गाडीने मला हेच सांगितलं होतं.

क्लचचा लिव्हर त्यांनी बोटाने हलवून दाखवला. टोकाशी साधारण 10 ते 15 मिलिमीटर मोकळी चाल हवी; माझा लिव्हर अर्ध्यापर्यंत फुकटच येत होता. “कोणी ढिली केली?” मी गप्प. मग ऑइलचा नट उघडला. बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मेहुण्याचं नाव पुढे केलं.

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गियरबॉक्सचं वेगळं, आणि हाताने गियर टाकायच्या कारचा क्लच सहसा कोरडा असतो. मोटरसायकलमध्ये बहुतेक वेळा एकच ऑइल तिन्ही कामं करतं. कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घसरण वाढवणारी द्रव्यं घातलेली असतात. इंजिनला ती गोड लागतात, पण क्लचच्या प्लेटांना पकडच मिळत नाही. मोटरसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए टू’ असं लिहिलेलं असतं, ते ह्याचसाठी. पकडीची ही जपानी प्रतवारी 1998 पासून आहे. घरी येऊन मेहुण्याचा डबा फिरवून बघितला. त्यावर जासोचं नावही नव्हतं, आणि गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्यात ‘रिसोर्स कन्झर्विंग’ असं स्वच्छ छापलेलं होतं. मार्चमध्ये वाचायला पैसे पडत नव्हते.

क्लचचं झाकण उघडलं तेव्हा जळक्या ब्रेकसारखा वास आला. अस्तराच्या प्लेटा काळ्या पडून गुळगुळीत झालेल्या. लोखंडी प्लेटांवर निळसर-जांभळे डाग, तापल्याचे. नानांकडे कपाटाच्या जुन्या काचेचा तुकडा आहे. त्यावर एकेक प्लेट ठेवून कडेला बोटाने दाबायची. दोन प्लेटा डुगडुगल्या. वाकलेली प्लेट शेजारणीला चिकटून राहते, सुटत नाही. मग त्यांनी माझा हात धरून अंगठ्याचं नख क्लचच्या डब्याच्या उभ्या बोटांवरून फिरवायला लावलं. प्लेटांचे कान ह्याच बोटांमधून मागेपुढे सरकतात. नख तीन ठिकाणी अडकलं. वर्षानुवर्षं अर्ध्या क्लचवर चिखलातून गाडी काढली की कान तिथे आपटून खाचा पाडतात, आणि प्लेट सरकायच्या ऐवजी खाचेत अडते. माझ्या खाचा उथळ होत्या. बारीक कानशीने त्या सपाट करता आल्या. खोल असत्या तर डबाच बदलावा लागला असता.

नवीन प्लेटा कोरड्या बसवायच्या नाहीत. रात्रभर त्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या, गुलाबजाम पाकात मुरवावेत तशा. प्लेटा, स्प्रिंगा, नवी केबल, दोनदा ऑइल (पहिलं चार दिवस चालवून फेकायला) आणि मजुरी धरून 2,350 रुपये झाले. न्यूट्रल पहिल्या झटक्यात सापडलं. मी उगाच चारदा टाकून बघितलं.

बारा दिवस सुखाचे गेले. तेराव्या दिवशी धानोऱ्याजवळ बांधावर दुसऱ्या गियरमध्ये मूठ पिळली आणि ‘खट्’ करून गियर सुटला. इंजिन मोकळं ओरडलं. परत टाकला, परत सुटला. पाय गियरच्या लिव्हरखाली दाबून धरला तर राही. तिसऱ्यात, चौथ्यात काही नाही. फक्त दुसरा, आणि तोही जोर दिला तरच.

ह्या वेळी नानांनी स्टँडबिंड काही लावलं नाही. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “आते उघाडनं पडी.” म्हणजे तो पहिला मिस्त्री बरोबर होता का? माझं मत, नाही. त्याने सांगितलं तेव्हा ते नुसतं खडा मारणं होतं, आणि त्याच्या सांगण्यावरून आधी गियरबॉक्स उघडला असता तर क्लच तसाच राहून नवे गियर पण खराब झाले असते.

इंजिन उतरवलं ती दुपार मी टपरीवरच काढली. गोणपाटावर इंजिन, आणि शेजारी केळीच्या खोक्याचा पुठ्ठा. झाकणाचा आकार पेनने पुठ्ठ्यावर काढलेला आणि ज्या भोकातून बोल्ट निघाला तो त्याच जागी टोचून ठेवलेला. कोणता लांब, कोणता आखूड हे नंतर विचारायची वेळ येत नाही. हेड, सिलेंडर, मॅग्नेट, क्लच असं सगळं उतरल्यावर मग इंजिनचं खोकं दोन फाकांत उघडलं, आणि गियर दिसले.

माझी समजूत होती की गियर टाकला की दाते दात्यांत जाऊन बसतात. तसं नसतं. दाते कायम एकमेकांतच असतात. शाफ्टवर सरकणाऱ्या गियरच्या बाजूला जाड चौकोनी खुंट असतात, ते शेजारच्या गियरच्या खोबणीत जाऊन अडकतात. त्याला म्हणायचं गियर पडला. ह्या खुंटांच्या कडा किंचित आत कललेल्या असतात, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना आत ओढून घेतात. नानांनी दुसऱ्याचा गियर रॉकेलमध्ये धुऊन माझ्या तळहातावर ठेवला. खुंटांचे कोपरे झिजून गोल झालेले, घरातल्या जुन्या पाटाच्या कोपऱ्यांसारखे, आणि फक्त एकाच बाजूने. जोर आला की आत ओढायच्या ऐवजी ते बाहेर घसरत होते. त्याला सरकवणाऱ्या फोर्कच्या टोकाला काळपट निळी झाक आली होती. सुटणारा गियर मी पायाने दाबून धरत होतो ना, ते घासणं सगळं त्या टोकाने सोसलं होतं.

झिजलेला गियर एकटा बदलून भागत नाही. ज्याच्या खोबणीत तो बसतो त्याच्याही कडा गेलेल्या असतात, म्हणून जोडी बदलायची. जोडी आणि फोर्क जळगावहून यायला चार दिवस लागले. तोवर मी आबांची शंभर सीसीची वापरली. तिचे चारही गियर पुढे दाबून पडतात आणि माझा पाय सवयीने वर उचलायला जायचा. दोनदा भर रस्त्यात गियर वाढवायच्या ऐवजी कमी केला, गाडी बसकण मारल्यासारखी थांबली आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याने माझा उद्धार केला.

खोकं बंद करण्याआधी नानांनी गियरचा ड्रम हाताने फिरवून पाचही गियर पाडून बघितले, दुसऱ्या हाताने शाफ्ट फिरवत. दोनदा. नवीन गॅस्केट, नवीन सील. सगळे मिळून 6,800. आधीचे धरले तर नऊ हजारांच्या वर, सव्वा लिटर फुकट ऑइलपायी. अर्थात दुसऱ्याचे खुंट माझ्या टाचेआधीच निम्मे गेले असणार, एवढ्या वर्षांच्या ओझ्याने. पण टाचेने उरलेलं काम दोन महिन्यांत उरकलं.

आता रोज सकाळी पहिला टाकताना एक बारीक ‘टक्’ येतो. फक्त पहिल्यांदा, गाडी थंड असताना. मी नानांना जाऊन सांगितलं. त्यांनी बिडी बाजूला केली, एकदा ऐकलं आणि म्हणाले, “रातभर प्लेटा चिकटी ऱ्हातीस. ते ऱ्हाऊ दे.” म्हणून राहू दिलंय. सुरू करण्याआधी गियरमध्ये ठेवून, क्लच दाबून गाडी दोन पावलं ढकलतो, तेवढ्यानेही कमी होतो.

मेहुण्याच्या डब्यात पावभर ऑइल उरलं होतं. ते आबांनी कडबाकुट्टीला वापरलं. तिला क्लच नाही.