हनुवटीखालचे हात

भर दुपारी फोनवर बारशाचं आमंत्रण येऊन पडतं. पूर्वी त्यावर पाळण्याचं चित्र असायचं, आता खुद्द उत्सवमूर्तीच असते. वेताच्या टोपलीत पालथं झोपलेलं बाळ, कोपरं टेकलेली, हनुवटी दोन्ही तळहातांवर, चेहऱ्यावर कर्जाचा अर्ज वाचणाऱ्या बँक मॅनेजरचा भाव. आपण बदाम पाठवून मोकळे होतो आणि मग डोक्यात किडा वळवळू लागतो: ज्याला अजून मान धरता येत नाही, त्यानं ही पोझ दिली कशी?

दिलेली नसतेच. ते दोन फोटो असतात. एकात कुणीतरी वरून डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात खालून मनगटं. नंतर संगणकावर दोन्ही जोडायचे आणि धरणारी बोटं पुसायची. हे ठाऊक नसलेला एखादा हौशी काका मोबाइल घेऊन घरच्या घरी तशी पोझ जमवायला जातो, तेव्हा त्याला सरळ चहा करायला पाठवावं.

हात लपवायची ही खोड मात्र जुनी. 19 व्या शतकात एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे आणि बाळ हललं की चेहऱ्याचा धूर व्हायचा. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत आईला चादरीखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि बाळ तिच्या मांडीवर देत. चादरीतून तिचे खांदे स्वच्छ दिसतात.

आपल्याकडे एवढी घाईच नव्हती. बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं, पालथं पडून मान वर धरू लागलं, की स्टुडिओत न्यायचं. नागडं ध्यान, कमरेला करगोटा, मागे रंगवलेल्या पडद्यावर तळं, आणि कॅमेऱ्याशेजारी खुळखुळा वाजवणारा घामाघूम फोटोग्राफर. त्याआधी फोटो काढला तर दृष्ट लागते, असं घरातली मोठी माणसं म्हणायची. दृष्टीचं माहीत नाही, पण मान धरेपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं.

आता मुहूर्त अलीकडे आलाय. पाचव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं आणि पोटात होतं तसं अंगाचं मुटकुळं करतं. पुढे गालांवर पुटकुळ्या येतात, संध्याकाळचं रडणं सुरू होतं, हातपाय ताणायची सवय लागते. पण नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे पाचवी असते, सटवीची पूजा असते आणि बाराव्या दिवशी बारसं. बारशाला बाळ वीस मांड्यांवरून फिरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते कुणाचं ऐकत नाही. म्हणून आठवा ते दहावा दिवस बरा. तोवर जन्मानंतर उतरलेलं वजनही बहुधा भरत आलेलं असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही तारीखवारी लावूच नये. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा.

खरी तयारी खोलीची. उघड्या बाळाला 26 ते 28 अंश लागतात. पुण्याच्या डिसेंबरात हीटर हवा, तोही बाळावर रोखलेला नाही. नागपूरच्या मे महिन्यात उलट खोली थंड करावी लागते. खोलीत कपडे घातलेल्या माणसाला घाम फुटला की समजावं, बेत जमतोय. पण बाळाची मान मागून ओली किंवा लाल लागली, तर जास्त झालं. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको आणि धुरी तर नकोच, आजी कितीही रागावल्या तरी.

आजींशी आणखी एक तह करावा लागतो, तेलाचा. टाळू भरलेली असली की केसांच्या वाती होतात आणि कपाळ खिडकीसारखं चकाकतं. त्या दिवशी मालिशवाल्या बाईंना तेल कमी घ्यायला सांगावं आणि नंतर पुसून काढावं. नाळ पडलेली नसेल तर अंघोळ नाही, ओल्या कापडानं अंग पुसायचं. मालीश मात्र बंद करू नये. अंग मळून, पुसून, पोटभर पिऊन, ढेकर काढून बाळ जे निजतं, ती झोप विकत मिळत नाही. फोटोग्राफरला सकाळी नऊला बोलावून त्या झोपेची वाट बघत बसवण्यापेक्षा, ती रोज ज्या वेळी लागते त्या वेळी बोलवावं.

डायपर तासभर आधी सैल करायचा, कारण त्याच्या इलॅस्टिकचे वळ लवकर जात नाहीत. करगोट्याचा आणि मनगट्यांचाही वळ उठतो. झबलं पुढून बंदांचं असावं, डोक्यावरून काढायच्या कपड्यानं सगळी मेहनत वाया जाते. काजळ डोळ्यांत नकोच, डॉक्टरही तेच सांगतात. तीट हवीच असेल तर तळपायाला लावावी. आणि सैल डायपरखाली काय होणार हे ठरलेलं असतं, म्हणून सुंदर दुपट्याखाली रबरी कापड आधीच अंथरावं.

झोप लागल्यावर लगेच हात लावायचा नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं पापण्या फडफडतात, ओठ हलतात आणि मधेच हसू येतं. सटवाई हसवते म्हणतात ते हेच, आणि ते टिपायचं तर बाळ आहे तसंच ठेवून कॅमेरा तयार हवा. हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा पडू लागला, मग पोझ. पाठीवर आपला गरम तळवा ठेवून, हळूहळू. हात एकदम काढला की बाळ दचकून दोन्ही बाहू फेकतं आणि पुन्हा पहिल्यापासून. आवाज चालतो, पण एकसुरी: दोनेक मीटरवर मंद शूऽऽ करणारं यंत्र ठेवलं तरी पुरतं. कुकरची शिट्टी, दाराची बेल आणि “अगंबाई, किती गोड!” हे तिन्ही बंद.

गुंडाळताना छाती हलायला जागा हवी, पाय बेडकासारखे दुमडलेले राहावेत, सरळ ताणून बांधू नयेत. पावलं जांभळी दिसली तर आधी सोडायचं, फोटो नंतर. टोपलीच्या तळाशी वजन ठेवायचं आणि एका माणसाचा हात सतत वीतभर अंतरावर. फुलांच्या हेअरबँडमध्ये आपलं बोट सहज गेलं पाहिजे.

उजेड खिडकीचा, ट्यूब बंद. उजेड डोक्याकडून तिरका यावा. पायांकडून आला तर फोटोत नाकपुड्याच दिसतात. ग्रिलच्या सावल्या बाळाच्या पोटावर पडतात, म्हणून खिडकीला पांढरी चादर. हिरवा पडदा मात्र काढाच, नाहीतर बाळ कैरीसारखं दिसेल. पिवळेपणा फोटोवाला संगणकावर पुसू शकतो, पण तो तळहाता-तळपायापर्यंत दिसत असेल तर ते काम डॉक्टरांचं. सालपटं निघणारी कातडी आणि नाकावरचे पांढरे ठिपके राहू द्यावेत. महिन्याभरात जातात आणि मग आठवतही नाहीत.

प्रॉप्सबद्दल माझं मत कुणी विचारत नाही. मावळ्याचा फेटा, विठोबाचा मुकुट, मोरपीस, थर्माकोलचा चंद्र: यात बाळ शोधावं लागतं. जुन्या सुती साड्यांची, चार धुण्यांनी मऊ झालेली गोधडी आणि एक टोपडं, एवढ्यात भागतं. फोटोग्राफरची दुपटी दहा बाळांकडून फिरून आलेली असतात, ती वास नसलेल्या साबणात धुतलीत का, हे संकोच न करता विचारावं. सर्दी झालेल्या माणसानं, मग तो स्वतः फोटोग्राफर का असेना, घरी राहावं.

हे सगळं दोन ते चार तास चालतं, आणि त्यातला मोठा वाटा पाजण्यात, पुसण्यात आणि परत निजवण्यात जातो. म्हणजे आठवड्यापूर्वी बाळंत झालेली, कदाचित पोटावर टाके असलेली बाई त्या 28 अंशांत प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली असते, आणि सगळे टोपलीकडे बघत असतात. तिला पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी, कुशीत उशी, हाताशी पाणी आणि डिंकाचा लाडू, आणि पाजताना दार लावून घेता येईल अशी खोली. ती थकली असं दिसलं की कॅमेरा पिशवीत घालायचा. मावळ्याचा फेटा राहिला तर राहिला.