आमची वाटचाल : वाकड्या माशीपासून दहा मीटरपर्यंत

कोल्हापुरात हवेच्या बंदुका दुरुस्त करणारा आमचा छोटा कारखाना आणि त्याच्याच माडीवर चालणारे चार लेनचे दहा मीटरचे सराव केंद्र यांचे मूळ सांगायचे, तर जोतिबाच्या चैत्र यात्रेतील वडिलांच्या फुगे फोडण्याच्या गाड्यापासून सुरुवात करावी लागते. नळी मोडून छर्रा भरायच्या तीन बंदुका त्या गाड्यावर होत्या. त्यांच्या दट्ट्याचे वॉशर चामड्याचे असत, आणि ते वडील चप्पल लाइनमधून आणलेल्या उरलेल्या तुकड्यांतून गोल कापून, तेलात मुरवून स्वतः बसवत. तेल जास्त झाले की दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते आत पेट घेते, बार मोठा होतो आणि नळीतून धूर निघतो. गर्दी त्यावर खूश होत असे, पण वॉशर जळून जाई आणि तो बदलण्याचे काम माझ्याकडे येई. या धंद्यातील माझी उमेदवारी ती एवढीच.

फुगे कोणीही फोडत असे. त्यांच्या वर दोऱ्याला टांगलेले नाणे मात्र क्वचितच कोणाला लागे, आणि त्याचे कारण आज लिहायला मला संकोच वाटत नाही. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, वडिलांनी दोन मिलिमीटर उजवीकडे वाकवलेली असे, त्यामुळे नऊ-दहा फुटांवर छर्रा अर्धा इंच डावीकडे जाई. फुग्याला तेवढ्याने काही फरक पडत नाही, नाण्याला पडतो. एका यात्रेत मिशांना पीळ दिलेले एक निवृत्त सुभेदार आले, त्यांनी पहिला बार फुग्यावर टाकला, भोक कोठे पडले ते न्याहाळले आणि दुसऱ्या बाराला नेम मुद्दाम उजवीकडे धरून नाणे उडवले. बक्षीस न घेताच त्यांनी विचारले, “पाव्हणं, पक्कड हाय का?” वडील हसले, मी मात्र त्या रात्री तिन्ही माशा सरळ केल्या आणि दुसऱ्या दिवशी नाण्यांपायी झालेल्या तोट्याबद्दल मार खाल्ला.

पुढे शिवाजी उद्यमनगरात लेथवर नोकरी केली. ११ ऑगस्ट २००८ रोजी अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगमध्ये दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०१० मध्ये आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या, तेव्हा शाळाशाळांनी हौसेने घेतलेल्या बंदुका वर्षभरातच बंद पडून माझ्याकडे येऊ लागल्या. स्प्रिंग तुटलेली, दस्त्याला चीर गेलेली, सिलिंडरच्या बंदुकीत ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फाटून हवा गळणारी, असा तो माल असे. कामाची पाळी सुटल्यानंतरच्या वेळात हे काम चाले. त्याचे उत्पन्न पगाराच्या बरोबरीला आल्यावरच मी राजीनामा दिला.

आम्ही फक्त हवेच्या बंदुका हाताळतो. .१७७ बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात) आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, तरी एसटीत लांबलचक पेटी पाहून वाहक हटकतोच, म्हणून प्रत्येक खेळाडूला आम्ही पावतीसोबत एक पत्र देतो. स्वप्नील कुसाळे यांना २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळाल्यावर राधानगरी तालुक्यातून, म्हणजे त्यांच्याच भागातून, पालक येऊ लागले. कुसाळे यांचा प्रकार पन्नास मीटरचा, .२२ बोअरचा आणि परवान्याचा आहे, आमच्याकडे तो शिकता येणार नाही, हे आम्ही आधी सांगतो. त्यामुळे काही प्रवेश हातचे जातात.

आमच्या हातून झालेली एक चूक येथे नोंदवली पाहिजे. एका मुलीची रायफल स्पर्धेच्या आदल्या दिवशी साफ करून देताना पुढच्या साइटचा, म्हणजे माशीच्या जागी असणाऱ्या भागाचा, स्क्रू मी पुरता आवळला नाही. दोन साइटमधले अंतर साधारण ८० सेंटिमीटर असते. पुढची साइट एक दशांश मिलिमीटर सरकली तरी दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर हलतो, आणि ज्या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे तेथे एवढ्याने प्रत्येक नेमाला अर्धा गुण जातो. ती बिचारी मागच्या साइटचे नेम सरकवायचे क्लिक फिरवत राहिली, आणि पुढची पुन्हा सरकत राहिली. साठ नेमांनंतर ती खाली आली तेव्हा मी स्क्रूला हात लावला आणि तो बोटाने फिरला. तिचे वर्षाचे शुल्क परत केले, पण ती स्पर्धा परत देता आली नाही. तेव्हापासून आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर आम्ही लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढतो, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी साइटवर. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. दुकानात नेलपॉलिशच्या बाटल्या पाहून नवीन गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते.

चैत्र जवळ आला की गाडेवाले अजूनही वॉशर बदलायला आमच्याकडेच येतात. त्यांच्यासाठी चामड्याचे वॉशर आम्ही आजही कापतो, आणि वडिलांच्या ओळखीमुळे दर जुनाच लावतो. जाताना कोणी कोणी माशी जरा वाकवून द्या म्हणतो. ते काम आम्ही घेत नाही, आणि पक्कड त्यांच्याजवळ असतेच.